बोट युद्धाच्या पाण्यात, घर डोंबिवलीत : नाविकांच्या कुटुंबांना आधार म्हणजे नेमकं काय?

आजचा विषय जरा वेगळा आहे. युद्धाच्या टापूतून जाणाऱ्या व्यापारी जहाजांवर आपली माणसं काम करतात. त्यांच्या मागे ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत जी घरं असतात, त्या घरांना आधार द्यायचा म्हणजे काय द्यायचं, हा आजचा प्रश्न. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी यात का पडावं, असं कुणी विचारेल. पडावं, कारण या प्रश्नाच्या पोटात तीन जुने प्रश्न आहेत. जे कळूच शकत नाही त्याच्यासोबत जगायचं कसं? संमती कशाला म्हणायचं? आणि कोण कुणाचं देणं लागतं? आज आपण हे तिन्ही घेऊ, पण पुस्तकातून नाही, या घरांच्या बाजूने.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या सोसायट्यांमध्ये सहज म्हटलं जातं, "त्यांचा मुलगा नेव्हीत आहे." बहुतेक वेळा तो मर्चंट नेव्हीत असतो. हा फरक केवळ शब्दाचा नाही. नौदलातल्या माणसामागे सरकार उभं असतं. त्याचं कुटुंब वसाहतीत राहतं, शेजारणीचा नवराही त्याच नोकरीत असतो, काही बरंवाईट झालं तर कुणाकडे जायचं हे ठरलेलं असतं. व्यापारी जहाजावरचा माणूस खासगी कंपनीच्या करारावर गेलेला असतो. त्याची बायको, आईवडील चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे असतात आणि शेजारी बँकेत, शाळेत, आयटीत नोकरी करणारे. शेजारी वाईट नसतात, पण त्यांना या नोकरीतलं काही माहीत नसतं. संकट आलं की हे एकटेपण एकदम अंगावर येतं.

युद्धात व्यापारी खलाशी मरणं हे काही नवं नाही. मुंबईत मस्जिद बंदर भागात जुनं इंडियन सेलर्स होम आहे. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही, दुसरी चिता नाही, अशी ही माणसं. कोकण किनाऱ्यावरच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या माणसं बोटीवर गेली. सारंग, तांडेल हे शब्द आपल्याकडे आडनावं होऊन बसले. त्या माणसांनी युद्ध पुकारलं नव्हतं आणि त्यात त्यांचा काही वाटाही नव्हता. ते माल वाहून नेत होते, एवढंच.

आजही तसंच आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेव्हा मिकोलाइव्ह बंदरात भारतीय नाविक अडकून पडले होते. 26 जानेवारी 2024 ला, आपण इथे झेंडावंदन करत होतो त्या दिवशी, एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या टँकरवर क्षेपणास्त्र आदळलं आणि आग लागली. त्यावर 22 भारतीय आणि 1 बांगलादेशी असे खलाशी होते. आपल्या नौदलाची 'आयएनएस विशाखापट्टणम' मदतीला गेली, आग आटोक्यात आली. जुलै 2025 मध्ये लाल समुद्रात पाठोपाठ दोन जहाजं बुडवली गेली. आणि त्याआधी सोमाली चाच्यांचा काळ आपण पाहिला आहे. 'अस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज सप्टेंबर 2010 मध्ये पळवलं गेलं. पुढच्या एप्रिलमध्ये जहाज सुटलं, पण सात भारतीय खलाशांना चाच्यांनी ठेवून घेतलं. ते सुटले ऑक्टोबर 2014 मध्ये. चार वर्षं. घरात पहिलीत असलेलं मूल तोवर पाचवीत गेलं.

आता पहिला प्रश्न. जे कळत नाही त्याच्यासोबत कसं जगायचं?

अ‍ॅरिस्टॉटलने तर्कशास्त्राच्या एका ग्रंथात नेमकं समुद्रातलंच उदाहरण घेतलं आहे. उद्या नौकायुद्ध होईल, किंवा होणार नाही. या दोहोंपैकी एक खरं ठरणार हे नक्की. पण कोणतं खरं, हे आज ठरलेलं आहे का? अडीच हजार वर्षं तर्कशास्त्री यावर वाद घालत आले आहेत. आम्हीही वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडत आलो. फळ्यावर ते सोपं असतं. ज्या घरातला माणूस उद्या त्या पाण्यातून जाणार आहे, त्या घरात मात्र रात्र काढायची असते.

त्या घरात रात्री काय चालतं? मोबाइलवर जहाजांचं ठिकाण दाखवणारं अ‍ॅप उघडलेलं असतं. नकाशावरचा तो लहानसा बाण म्हणजे आपला माणूस. अचानक बाण नाहीसा होतो. किंवा जहाज चक्क जमिनीवर दिसतं. इथे थोडी तांत्रिक माहिती फार उपयोगाची आहे. प्रत्येक मोठ्या जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं, ते जहाजाचं नाव आणि ठिकाण सतत प्रक्षेपित करतं. धोक्याच्या पाण्यात हल्लेखोरांना ठिकाण कळू नये म्हणून कप्तान ते यंत्र बंद करू शकतो. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला तशी मुभा आहे. शिवाय युद्धाच्या टापूत जीपीएसचे संकेत मुद्दाम बिघडवले जातात. जून 2025 मध्ये इस्रायल आणि इराण यांचं युद्ध पेटलं, तेव्हा होर्मुझच्या परिसरात जहाजांची ठिकाणं नकाशावर भलतीकडेच दिसत होती. म्हणजे बाण दिसेनासा झाला तर त्याचा पहिला अर्थ बहुधा हा असतो की कप्तान काळजी घेतो आहे. हे एक वाक्य आधी माहीत असेल तर कितीतरी घरांची झोप वाचेल. आणि ते सांगायला कुणी मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. कंपनीच्या माणसाने साइन ऑनच्या आधी घरच्यांना सांगायचं, की अमुक पाण्यात चार दिवस फोन येणार नाही, अ‍ॅपवर बोट दिसणार नाही, या क्रमांकावर आम्ही रोज ठरल्या वेळी कळवू. बातमी नसली तरी कळवू, की बातमी नाही.

पॉलीन बॉस या अमेरिकन विदुषींनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि एका दुःखाला नाव दिलं. आपण मराठीत त्याला 'संदिग्ध वियोग' म्हणू. माणूस गेलाय असंही म्हणता येत नाही, आहे असंही म्हणता येत नाही. बारावं-तेरावं नाही, वाट पाहण्याला शेवट नाही. मृत्यूच्या दुःखाला आपल्या समाजाने रीत दिली आहे. लोक येतात, पिठलं-भात पाठवतात, दहा दिवस घर रिकामं राहू देत नाहीत. या दुसऱ्या दुःखाला आपल्याकडे रीतच नाही. लोक येतात आणि म्हणतात, "काही काळजी करू नका, सगळं ठीक होईल." त्यांना काय माहीत ठीक होईल का? ऐकणारी बाई मान हलवते आणि आतून आणखी एकटी होते. त्यापेक्षा "उद्यापासून आठवडाभर मुलाला शाळेतून आम्ही आणतो" हे वाक्य खरं असतं, कारण ते पाळता येतं.

अ‍ॅरिस्टॉटलच्या त्याच युक्तिवादात पुढे एक मुद्दा येतो आणि तो आपल्या कामाचा आहे. तो म्हणतो, सगळं आधीच ठरलेलं असतं तर माणसाने विचारविनिमय करण्याची, धडपड करण्याची गरजच उरली नसती. उद्याचं ठरलेलं नाही, म्हणूनच आज काही करण्याला अर्थ आहे. मग आज काय करता येतं, ते पाहू.

सगळ्यात आधी जबाबदार कोण, हे समजून घ्यावं लागतं. 13 एप्रिल 2024 ला होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणने 'एमएससी एरीज' हे जहाज ताब्यात घेतलं. त्यावर 25 खलाशी होते, त्यांतले 17 भारतीय. आता पाहा, जहाजावर झेंडा पोर्तुगालचा. मालकीचा संबंध लंडनच्या झोडियाक मेरीटाइमशी. जहाज चालवायला घेतलेलं एमएससी या कंपनीने, तिचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये. पकडणारा देश इराण. आणि वाट पाहणारी घरं भारतात. त्या खलाशांतली एक भारतीय मुलगी, कॅडेट, पाचसहा दिवसांत परत आली; मे महिन्यात आणखी पाच जण सुटले; उरलेल्यांच्या घरी वाट पाहणं चालूच राहिलं. अशा वेळी घरच्यांनी दार ठोठवायचं कुणाचं?

याचं उत्तर गुंतागुंतीचं वाटलं तरी आपल्या बाजूने त्याची सुरुवात एका ठिकाणी होते. भारतातल्या ज्या एजन्सीमार्फत माणूस बोटीवर गेला, तिच्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. त्याला सगळे आरपीएसएल म्हणतात. परवानाधारक एजन्सीला सरकार जाब विचारू शकतं. परवाना नसलेल्या दलालामार्फत माणूस गेला असेल, तर जाब विचारायला कुणी सापडतच नाही, कधी कधी त्याचं ऑफिससुद्धा सापडत नाही. म्हणून बोटीवर जाण्याआधी त्या एजन्सीचं नाव महासंचालनालयाच्या यादीत आहे का, हे घरच्यांनी स्वतः पाहावं. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबावं. आंतरराष्ट्रीय कायद्याने नाविकाकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत. हे महासंचालनालय काही दिल्लीत नाही; कांजूरमार्गला आहे, ठाण्याहून स्लो लोकलने चौथं स्टेशन. त्यांचं चोवीस तास चालणारं संपर्क केंद्र आहे. परराष्ट्र मंत्रालयाचं 2015 पासूनचं 'मदद' हे पोर्टल आहे, तिथे परदेशात अडकलेल्या भारतीयाची तक्रार नोंदवता येते आणि तिचा क्रमांक मिळतो. युनियनचं सभासदत्व असेल तर नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया किंवा मेरीटाइम युनियन ऑफ इंडिया यांना कळवायचं.

आता कायदा काय देतो? 2006 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सागरी श्रम करार केला. भारताने तो 2015 मध्ये मान्य केला. या कराराने नाविकाला घरी परत आणण्याचा खर्च मालकावर टाकला. पगाराचा भाग थेट घरी पाठवण्याची सोय करायला लावली. मालकाने दोन महिने पगार दिला नाही, किंवा जहाजावर अन्नपाण्याची सोय केली नाही, तर त्या नाविकाला टाकून दिलं असं धरलं जातं आणि विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार मिळू शकतो. 26 डिसेंबर 2020 पासून आणखी एक तरतूद लागू आहे : चाच्यांनी किंवा सशस्त्र लुटारूंनी ओलीस धरलेल्या नाविकाचा करार संपत नाही आणि त्याचा पगार घरी जात राहिला पाहिजे. त्याआधीच्या काळात किती घरांचा पगार मधेच तुटला असेल, याची कल्पना केली तर या एका ओळीचं मोल कळतं. पण तिच्यात एक भोकही आहे. ओळ चाच्यांबद्दल आणि लुटारूंबद्दल बोलते. जहाज एखाद्या देशाच्या सरकारनेच पकडलं तर काय, हे तिच्या शब्दांत नाही. म्हणून करारावर सही करताना विचारायचं : सरकारी ताब्यात असतानाही पगार चालू राहील का? उत्तर लेखी घ्यायचं.

दुसरी गोष्ट बँकेची. ती किरकोळ वाटते, पण घर अडतं तिथेच. बरेच नाविक एनआरई खातं ठेवतात आणि बायकोचं नाव त्याला जोडतात. दोघांनाही वाटतं, झालं काम. परंतु भारतात राहणाऱ्या नातेवाइकाचं नाव अशा खात्याला जोडलं जातं ते 'पहिला, किंवा त्याच्या पश्चात दुसरा' या अटीवर. म्हणजे नवरा हयात असेपर्यंत केवळ जोडलेल्या नावावर बायकोला पैसे काढता येत नाहीत. त्यासाठी वेगळं मुखत्यारपत्र बँकेत दिलेलं असावं लागतं. आता संदिग्ध वियोग आठवा. माणूस ओलीस आहे, म्हणजे हयात आहे. सही करू शकत नाही. खात्यात पैसे आहेत आणि घराचा हप्ता थकतो आहे. बेपत्ता झाला असेल तर आणखी अवघड, कारण सात वर्षं खबर नसेल तरच कायदा मृत्यू गृहीत धरतो. म्हणून बोटीवर जाण्याआधी एक फाइल घरात असावी. तिच्यात कराराची प्रत, सीडीसी आणि पासपोर्टच्या प्रती, इंडोस क्रमांक, जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक, कंपनीचा रात्रीचा फोन, विमा, नामनिर्देशन, मुखत्यारपत्र. अभद्र बोलू नये म्हणून या गोष्टी टाळल्या जातात. पण छत्री घेतली म्हणून पाऊस येत नाही.

आता दुसरा प्रश्न, संमतीचा. चर्चेत हा आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळू नये : "डॉलरमध्ये पगार घेतात, धोका माहीत असतो, स्वतःहून जातात. मग समाजाने का रडायचं?" आक्षेपात तथ्य किती, ते पाहू. संमती खरी असायची तर तीन गोष्टी लागतात. काय मान्य करतो आहोत ते माहीत असणं, नाही म्हणता येणं, आणि नाही म्हटल्याची किंमत परवडणं. जहाज कुठे जाणार, हे सही करताना अनेकदा ठरलेलं नसतं. माल भरला की हुकूम बदलतात. ज्या कॅडेटच्या शिक्षणासाठी घरच्यांनी लाखांचं कर्ज काढलं आहे आणि ज्याचे परीक्षेला बसण्याइतके समुद्रावरचे महिने भरायचे आहेत, तो पहिल्याच बोटीवर "मी उतरतो" म्हणेल का?

म्हणून नकाराला किंमत नसेल अशी व्यवस्था करणं, हीच संमतीची खरी कसोटी. ती काही प्रमाणात झाली आहे. कामगार संघटना आणि जहाजमालक यांच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत काही पाणी 'युद्धजन्य क्षेत्र' म्हणून जाहीर होतं. ज्या जहाजांना तो करार लागू आहे, त्यांवरचा नाविक तिथे जायला नकार देऊ शकतो. कंपनीने त्याला स्वखर्चाने घरी पाठवायचं आणि दोन महिन्यांच्या मूळ पगाराइतकी भरपाई द्यायची. गेला तर मूळ पगाराइतका बोनस आणि मृत्यू वा अपंगत्वाची भरपाई दुप्पट. मात्र सगळी जहाजं या करारात नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. आपलं जहाज आहे का, हा प्रश्न विचारायचाच.

आणि संमतीचा विचार करताना घराला विसरून चालत नाही. समजा त्याने पूर्ण समजून सही केली. तरी त्या करारात दोनच पक्ष आहेत, कंपनी आणि तो. त्याच्या आईला कुणी विचारलेलं नसतं. कंपनीच्या कागदावर ती फक्त 'जवळचा नातेवाईक' या रकान्यात असते. धोक्याचा मोठा वाटा तिच्याकडे येतो, हक्काचा जवळजवळ नाही. हा अन्याय कुणा एकाने केलेला नाही, रचनेतच तो आहे.

इथून तिसरा प्रश्न, कोण कुणाचं देणं लागतं. जगाच्या व्यापारातला 80 टक्क्यांहून अधिक माल जहाजांनी जातो. आपल्या घरातला गॅस, गाडीतलं पेट्रोल, खताचा कच्चा माल, कढईतलं सूर्यफुलाचं तेल, यांतलं बरंचसं समुद्रावरून येतं आणि त्यातलं काही थेट याच अशांत पाण्यांतून. 2021 च्या एका अहवालात जगभरातले व्यापारी नाविक सुमारे 18.9 लाख मोजले गेले, आणि सर्वाधिक नाविक पुरवणाऱ्या पाच देशांत भारत होता. म्हणजे ज्याला पगार मिळतो तो एकटाच या धोक्याचा लाभार्थी नाही. डाळीला फोडणी देणारे आपणही आहोत. देणं लागतं म्हणजे दया दाखवायची असं नाही. दया आली तर दाखवतात, देणं मात्र फेडावं लागतं.

मग आपल्या शहरांत हे देणं कसं फेडायचं? नवी संस्था काढायलाच हवी असं नाही. आहे तेच वापरता येईल. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून. अशा ठिकाणी महिन्यातून एक संध्याकाळ नाविकांच्या कुटुंबांची बैठक का होऊ नये? दोन निवृत्त कप्तान किंवा चीफ इंजिनिअर आले, एक बँकेतला माणूस आला, की निम्म्या शंका तिथेच फिटतात. उरलेल्या निम्म्यांना, आपल्यासारखी आणखी घरं आहेत हे कळणंच पुरतं. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, हे नाविकांच्या बायकांना, आयांना क्वचितच माहीत असतं. 15100 हा त्यासाठीचा क्रमांक. मन फारच सैरभैर झालं तर 14416 वर 'टेलिमानस'शी मराठीत बोलता येतं. नाविक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी आयस्वान ही आंतरराष्ट्रीय संस्था 'सीफेअररहेल्प' ही मोफत सेवा चोवीस तास चालवते. चाच्यांच्या काळात ओलिसांच्या कुटुंबांसाठी 2011 मध्ये सुरू झालेलं काम पुढे याच संस्थेत आलं, त्यामुळे अशा वाट पाहण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे.

सोसायटीतल्या मंडळींनी तर तीनच पथ्यं पाळावीत. जहाजाचं नाव, ठिकाण, माणसाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये. तो कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही आणि अशा घरांना पैसे मागणारे खोटे फोनही येतात. टीव्हीवर स्फोट दिसला की "तुमची बोट तीच ना?" असं दार वाजवून विचारू नये. आणि पहिल्या आठवड्यात झालेली गर्दी तिसऱ्या महिन्यात ओसरलेली असते, तेव्हा जावं. आजोबांची औषधं, मुलाचा गणिताचा पेपर, गॅसचा नंबर, या गोष्टी तिसऱ्या महिन्यातही असतातच.

माणूस परत आला की सगळं संपतं असंही नाही. तो दचकून उठतो, बोलत नाही, किंवा पुन्हा त्याच पाण्यात जायला निघतो कारण हप्ते थांबलेले नसतात. त्या काळातही घराला माणसं लागतात. कांजूरमार्गचं कार्यालय आणि जिनिव्हाचा करार आपापलं काम करतील, त्यांनी ते करावं यासाठी आपण मागेही लागू. पण उद्या नौकायुद्ध होईल की नाही हे ज्या घराला माहीत नाही, त्या घराला आज संध्याकाळी कोण येणार आहे हे तरी नक्की माहीत असावं. एवढं आपल्या हातात आहे.